दुरुस्ती म्हणजे नेमकं काय?

पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. त्यामुळे एखादा शब्द कानावर पडला की तो आला कुठून, हे बघायची खोड लागली आहे. निवृत्तीनंतरही ती गेलेली नाही. आज असे दोन शब्द घेतो, 'दुरुस्त' आणि 'करार'. दुरुस्त हा फारसी शब्द. अर्थ नीट, बरोबर, जसं असायला हवं तसं. करार हा मूळचा अरबी. त्याचा जुना अर्थ स्थिरता, स्वस्थता. ज्याच्या जिवाला चैन नाही त्याला उर्दूत 'बेकरार' म्हणतात, ते यामुळेच. म्हणजे दोघांच्याही मनाला स्वस्थता यावी म्हणून जे आधी ठरवून ठेवायचं, तो करार. आणि आपल्याकडे गंमत अशी की दुरुस्तीचं काम निघालं की नेमक्या या दोनच गोष्टी हरवतात. वस्तू दुरुस्त होत नाही आणि माणसं मात्र बेकरार होतात!

हे सुचायचं कारण म्हणजे आमच्या भाच्याची डाळ मिल. नागपूर बाहेरच्या लोकांना संत्र्यांसाठी माहीत असतं, पण तूर डाळीच्या धंद्यातही या शहराचं नाव मोठं आहे. कळमना बाजाराच्या बाजूला गेलात तर डाळ मिलांची रांगच दिसते. भाच्याची मिल त्यातली लहानशी. एक ३० एचपीची मोटर, तिच्यावर पट्टा, पट्ट्यावर शाफ्ट आणि शाफ्टवर सगळा कारभार. तुरीला तेल-पाणी देऊन, वाळवून, रोलरवर घालायची, साल काढायची, फोडायची, चाळायची. सहा माणसं कामाला. स्वतःचा माल थोडा, बाकी व्यापाऱ्यांची तूर मजुरीवर भरडून देणं हेच मुख्य उत्पन्न. नवी तूर बाजारात आली की पुढचे तीन-चार महिने त्याला जेवायला वेळ नसतो.

दोन-तीन वर्षांपूर्वी अशाच ऐन हंगामात, फेब्रुवारीत, ती मोटर जळली. वाइंडिंग करून देणारा कारागीर भाच्याच्या ओळखीचा होता आणि योगायोगाने माझा जुना विद्यार्थी. (व्याकरणात कच्चा, पण शाळेचा बिघडलेला पंखा बाकावर चढून चालू करायचा तो हाच.) बावीस हजारांत काम ठरलं, बारा आगाऊ दिले. चार दिवसांत मोटर भरून आली, त्याच्याच माणसाने मिलमध्ये येऊन जोडली, चालू करून दाखवली. अकराव्या दिवशी ती पुन्हा जळली.

मग जे व्हायचं ते झालं. मोटर टेम्पोत घालून परत दुकानात. भाचा म्हणाला, तुझं काम खराब, फुकट भरून दे. तो म्हणाला, तुमच्या लाइनीचा दोष, आधी राहिलेले दहा हजार द्या मग मोटरला हात लावतो. दोन दिवसांनी फोनवर आवाज चढले. चौथ्या दिवशी भाचा माझ्याकडे आला.

"मामाजी, तो ऐकूनच नाही राहिला. माझी मोटर दाबून बसला. तुमचा विद्यार्थी आहे, तुम्हीच पाहा आता."

मी विचारलं, कागद काय आहे? त्याने खिशातून एक चिठ्ठी काढली. त्यावर लिहिलं होतं, 'मोटर रिपेअर, २२०००, जमा १२०००.' तारीख आणि सही. बस्स! बावीस हजारांचं काम, त्यावर सहा माणसांची मजुरी आणि एका घराचा हंगाम अवलंबून, आणि लेखी शब्द दोन. त्यातला एकही मराठी नाही.

कोणीतरी भाच्याच्या डोक्यात भरवलं होतं की सरळ ग्राहक मंचात जा, तिथे वकील लागत नाही, पैसे लवकर मिळतात. आमच्या शेजारी एक निवृत्त वकील राहतात. रोज सकाळी फिरायला आम्ही बरोबर असतो. त्यांच्याकडे विषय काढला. ते म्हणाले, "गुरुजी, आता मंच नाही, आयोग म्हणायचं. २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. पण नाव बदललं तरी तुमच्या भाच्याला त्या दारात उभं राहता येईल का, हा प्रश्न जुनाच आहे." आणि त्यांनी मला एक निकाल वाचायला दिला. माझं बी.ए. मराठी माध्यमातलं, तेव्हा शब्दकोश शेजारी ठेवून दोन दुपारी वाचला. पण वाचला, आणि आवडला.

हा खटला आपल्या महाराष्ट्रातलाच. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स नावाचा एकाच मालकाचा लघुउद्योग होता. त्यांनी कोइम्बतूरच्या पी.एस.जी. इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूटकडून एक संगणकावर चालणारं कातकाम यंत्र घेतलं. तक्रार अशी की यंत्र उशिरा आलं, आलं ते सदोष, आणि वारंवार कळवूनही ते नीट करून मिळालं नाही. त्यांनी महाराष्ट्र राज्य ग्राहक आयोगाकडे चार लाखांची मागणी केली. राज्य आयोगाने दोन लाख अठ्ठेचाळीस हजार द्यायला सांगितले. राष्ट्रीय आयोगाने तो आदेश रद्द केला. का? तर यंत्र व्यापारी हेतूने घेतलं, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ४ एप्रिल १९९५ रोजी निकाल लागला. तिथेही लक्ष्मी इंजिनिअरिंग हरलं.

तुम्ही म्हणाल, हा कसला न्याय? मलाही प्रथम तसंच वाटलं. पण न्यायालयाने रेघ कुठे ओढली ते पाहण्यासारखं आहे. ग्राहक कायदा सामान्य माणसासाठी आहे. व्यापाऱ्या-व्यापाऱ्यातल्या भांडणासाठी दिवाणी न्यायालय आहे. पण पोटासाठी स्वतः राबणाऱ्या माणसाला त्यांनी आत घेतलं. जो स्वतः चालवून पोट भरण्यासाठी ऑटोरिक्षा घेतो, तो ग्राहक. जो स्वतः चालवण्यासाठी लेथ मशीन घेतो, तोही ग्राहक. एवढंच नाही, तर हाताशी मदतीला एक-दोन माणसं ठेवली म्हणून त्याचं ग्राहकपण जात नाही. आणि हरलेल्या पक्षालाही वाऱ्यावर सोडलं नाही. तुम्ही दिवाणी दावा लावा, इथे गेलेला वेळ मुदतीच्या हिशेबातून वगळून मागता येईल, असंही सांगितलं.

म्हणजे माझा विद्यार्थी, जो दुकानात स्वतः कॉइल भरत बसतो, तो उद्या आपल्या वाइंडिंग मशीनसाठी ग्राहक ठरू शकतो. सहा माणसांची मिल चालवणारा भाचा ठरणं कठीण. शिवाय १५ मार्च २००३ पासून आणखी एक गोष्ट झाली. त्याआधी 'व्यापारी हेतू'चा अडसर वस्तूंच्या खरेदीला होता, सेवेला नव्हता, त्या दुरुस्तीनंतर (पाहा, कायद्यालाही दुरुस्तीच लागते!) तो सेवांनाही लागू झाला. मोटर भरून देणं ही सेवाच. तेव्हा ते दार जवळजवळ बंद.

मग राहिला १८७२ चा करार कायदा. सरकारी मराठीत त्याला संविदा अधिनियम म्हणतात. दीडशे वर्षांपूर्वीचा हा कायदा कोरडा असेल असं वाटलं होतं. पण त्याची एक रीत मला शिक्षक म्हणून फार भावली. नियम सांगितला की खाली उदाहरणं. अगदी गणिताच्या पुस्तकासारखी. नुकसानभरपाईचं कलम ७३ घ्या. त्यात एक उदाहरण घरदुरुस्तीचं आहे. घर अमुक पद्धतीने दुरुस्त करून देतो म्हणून एकाने आगाऊ पैसे घेतले, दुरुस्ती केली, पण ठरल्यासारखी नाही. तर ते काम ठरल्याबरहुकूम करून घ्यायला जो खर्च येईल, तो दुसऱ्याला मागता येतो. सरळ गोष्ट. पण 'ठरल्यासारखी' हा शब्द पुन्हा पाहा. ठरलं काय होतं, हेच आमच्या चिठ्ठीत नव्हतं.

दुसरं उदाहरण तर भाच्यासाठीच लिहिलं असावं असं वाटलं. एका गिरणीचं यंत्र वाहतूकदाराकडे दिलं, आणि यंत्राअभावी गिरणी बंद आहे हे त्याला सांगितलं. त्याने विनाकारण उशीर केला. त्यामुळे गिरणीवाल्याचं एक सरकारी कंत्राटही बुडालं. आता भरपाई किती? तर तेवढे दिवस गिरणी चालली असती तर सरासरी जो नफा झाला असता, तो मिळेल. बुडालेल्या कंत्राटाचं नुकसान मिळणार नाही.

या उदाहरणामागे इंग्लंडमधली एक खरी गिरणी आहे. मे १८५३ मध्ये ग्लॉस्टर गावातल्या एका पिठाच्या वाफगिरणीचा शाफ्ट मोडला. तो नमुना म्हणून ग्रीनिचच्या कारखान्यात पाठवायचा होता, त्यावरून नवा घडणार होता. वाहतूकदाराने दोन पौंड चार शिलिंग घेतले आणि पोचवायला काही दिवस उशीर केला. गिरणी तितके दिवस जास्त बंद राहिली. १८५४ मध्ये न्यायालयाने सांगितलं की, नेहमीच्या ओघात जे नुकसान होतं ते, किंवा करार करताना दोघांच्याही ध्यानात असेल असं नुकसान, एवढंच मागता येईल. शाफ्ट एकच आहे, दुसरा हाताशी नाही, हे समोरच्याला माहीत असायला हवं. न सांगितलेल्या संकटाचा भार दुसऱ्यावर टाकता येत नाही. हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल या नावाचा हा खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवतात.

मी भाच्याला विचारलं, "मोटर देताना तू काय सांगितलं होतंस?"

"लवकर दे म्हटलं होतं."

"मिल बंद आहे, दुसरी मोटर नाही, अमुक व्यापाऱ्याची तूर पडून आहे, हे?"

"तेवढं त त्याला समजाले पाहिजे न, मामाजी!"

समजायला पाहिजे! आपले निम्मे व्यवहार या दोन शब्दांवर चालतात. घरात ते चालूनही जातात. पण कायद्याला 'समजायला पाहिजे' कळत नाही. 'सांगितलं होतं' कळतं.

आता विद्यार्थ्याची बाजू. मोटर अडकवून ठेवणं ही दादागिरी, असं भाच्याचं म्हणणं. पण त्याच कायद्यात कलम १७० आहे. वस्तूवर ज्याने आपलं कसब आणि मेहनत लावली, त्याला मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते. उदाहरण जवाहिऱ्याचं आहे. हिऱ्याला पैलू पाडून दिले की मजुरी हाती येईपर्यंत हिरा त्याच्याकडे. मात्र काम ठरल्याप्रमाणे आणि वाजवी वेळात केलेलं हवं, उलट काही ठरलेलं नसावं. म्हणजे फिरून प्रश्न तोच. काम ठरल्याप्रमाणे झालं होतं का?

तो प्रश्न कागदावर सुटणारा नव्हता. तो मोटरच्या पोटात होता. म्हणून मी दोघांना सांगितलं की वकिलाकडे जायच्या आधी एकदा मोटर तिसऱ्या मिस्त्रीसमोर उघडू. दोघंही हजर राहा. तोवर कोणी बोलायचं नाही. दोघंही वर्गात बसल्यासारखे गप्प ऐकत होते, एवढा तरी मास्तरकीचा उपयोग.

त्या दिवशी मी जे शिकलो ते कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. जळालेली मोटर खोटं बोलत नाही! मिस्त्रीने समजावून सांगितलं. तारेवरचं इनॅमल खराब असेल, भरताना ते खरवडलं असेल, तर दोन वेढे एकमेकांना चिकटतात आणि मोटर त्या एका जागी जळते. कुवतीबाहेर भार पडला तर सगळीच वाइंडिंग सारखी काळी पडते. आणि तीन फेजपैकी एक फेज गेला नि मोटर तशीच चालत राहिली, तर राहिलेल्या फेजवर ओढ वाढते. अशा वेळी डेल्टा जोडणीच्या मोटरमध्ये तीनपैकी एका फेजच्या कॉइली शिस्तीत काळ्या होतात, बाकीच्या दोन स्वच्छ राहतात.

झाकण निघालं. ठरावीक अंतरावर काळे पट्टे, मधल्या कॉइली नव्यासारख्या चमकत होत्या. मोटर एका फेजने मारली होती. विद्यार्थ्याचा चेहरा उजळला. "पाहा सर, माझी कॉइल साफ आहे."

पण मिस्त्री अनुभवी होता. तो म्हणाला, फेज गेल्यावर स्टार्टरने मोटर बंद करायला पाहिजे होती, मग का नाही केली? मग आमची वरात मिलमध्ये गेली. स्टार्टर उघडला. त्यातला संरक्षणाचा रिले तारेचा एक तुकडा लावून बाजूला सारलेला होता. कारागिरांच्या भाषेत 'डायरेक्ट' केलेला. कोणी केला? तर मोटर जोडायला आलेल्या विद्यार्थ्याच्या माणसाने. का केला? तर जुना झालेला रिले सारखा ट्रिप होत होता, आणि माल पडून आहे, काहीही कर पण चालू कर, असं मिलच्या ऑपरेटरने सांगितलं होतं. भाचा तेव्हा दहा पावलांवर तराजूजवळ उभा होता.

कोणी कोणाकडे बघेना.

आता सांगा, दोष कोणाचा? वाइंडिंग उत्तम. पण चालू करून देणं हा कामाचा भाग होता की नाही? होता, तर संरक्षण काढून मोटर चालवून देणं ही दुरुस्ती झाली का? आणि नसेल, तर त्याच्या माणसाने स्टार्टरला हात का लावला? उलट बाजूने, गिऱ्हाइकानेच 'काहीही कर' म्हटल्यावर कारागिराने किती ताणून धरायचं? एक शिक्षक म्हणून मला वाटतं, जाणकाराने 'नाही' म्हणायला हवं. जाणकाराला पैसे त्याच्या 'नाही'चेही मिळतात. पण भाच्यानेही कसबाला पैसे द्यायचे आणि कसबाचं ऐकायचं मात्र नाही, हे बरोबर नव्हे.

वकील स्नेह्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले की न्यायालयात दोन्हीकडून साक्षी झाल्या असत्या, तज्ज्ञ आले असते, आणि तोवर मोटर पुरावा म्हणून कोपऱ्यात गंजली असती. मोठ्या व्यापारी दाव्यांत तर कायदाच आता आधी बसून बोला म्हणतो. २०१८ पासून, तातडीचा दिलासा नको असेल तर दावा लावण्यापूर्वी मध्यस्थी करावी लागते, आणि ती सक्तीचीच आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशनच्या निकालात सांगितलं. आमचा तंटा त्या मानाने चिमूटभर, साध्या दिवाणी न्यायालयातला. पण शहाणपण लहान तंट्यालाही चालतं.

शेवटी ठरलं ते असं. विद्यार्थ्याने मोटर पुन्हा भरून द्यायची, फक्त तार आणि वार्निशचे पैसे घ्यायचे, मजुरी नाही. भाच्याने राहिलेले दहा हजार द्यायचे आणि नवा रिले, फेज गेला की मोटर तोडणाऱ्या यंत्रासह, स्वतः बसवायचा. बंद दिवसांचं नुकसान ज्याचं त्याने सोसायचं. हे मी साध्या मराठीत एका कागदावर लिहिलं, दोघांनी सह्या केल्या. मोटर मिळाली त्या दिवशी भाच्याने पैसे मोजून दिले आणि विद्यार्थ्याने खाली लिहिलं, 'भरून पावलो.' आपला 'भरपाई' शब्द यातलाच, बरं का. आधी तो पावतीचा शब्द होता, नुकसानीचा नंतर झाला.

पण सगळंच भरून पावलं असं नाही. मिल दुसऱ्या खेपेला सतरा दिवस बंद होती. ज्या व्यापाऱ्याची तूर पडून होती त्याने ती शेजारच्या मिलमध्ये भरडून घेतली. तो पुढच्या हंगामातही आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. त्याचा हिशेब कुठल्या कलमात बसत नाही. सहापैकी दोन मजूर त्या सतरा दिवसांत दुसरीकडे लागले. त्यांची चिठ्ठी तर कोणीच लिहिली नव्हती, आणि आमच्या त्या कागदातही त्यांचं नाव आलं नाही. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे. दोन पक्षांचा करार मोडला की तिसऱ्याची चूल थंडावते, आणि कायदा त्याला विचारतो, तुम्ही कोण?

माझ्या लहानपणी नागपुरात एम्प्रेस मिलचा भोंगा ऐकून लोक घड्याळं लावत. १८७७ च्या १ जानेवारीला सुरू झालेली जमशेटजी टाटांची ती गिरणी २००२ मध्ये बंद झाली, त्या जागेवर आता मॉल आहे. इतक्या मोठ्या गिरणीत बिघाड झाला की घरचेच फिटर, घरचेच मिस्त्री धावत. बाहेर चिठ्ठी लिहायची गरजच नव्हती. आता हिंगण्याला, बुटीबोरीला, कळमन्याला प्रत्येक लहान कारखानदार दुरुस्तीसाठी दुसऱ्या लहान माणसावर अवलंबून आहे. दोघंही ओळखीचे, दोघंही घाईत, दोघांच्याही खिशात फार पैसे नाहीत. अशा ठिकाणी कागद लिहिणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं आपण उगीच मानतो. ओळख टिकवायची असेल तरच लिहायचं. अनोळखी माणसाशी भांडण झालं तर फक्त पैसे जातात.

गेल्या दिवाळीत विद्यार्थी फराळाला आला होता. पिशवीतून एक नवं पावतीपुस्तक काढलं. मोटरचा नंबर, एचपी, तारेचा गेज, मेगरचा आकडा, रिकामी चालवताना घेतलेला करंट, द्यायची तारीख, मोटर कोण जोडणार, रिले चालू आहे की नाही, हमी कशाची आणि कशाची नाही, सगळ्याला वेगवेगळे रकाने. सगळ्यात खाली ठळक अक्षरांत, 'काम अडले असल्यास आधी सांगावे.'

"सर, शुद्धलेखन तेवढं पाहून द्या नं," म्हणाला. "हजार छापायची आहेत."

'दुरुस्ती'तला 'रु' त्याने दीर्घ लिहिला होता. तेवढा ऱ्हस्व केला आणि पुस्तक परत दिलं.